फाटकाची किल्ली

मल्लप्पा सुतार दोनच गोष्टींना वचकून असे: एक ओलं लाकूड आणि दुसरे त्याचे दाजी. ओलं लाकूड निदान तडकण्याआधी वाकून दाखवतं. दाजींचं तसं नव्हतं. चहा बरा झालाय म्हणता म्हणता ते कपबशी बायकोच्या तोंडावर भिरकावत.

दाजी म्हणजे सिद्धलिंगप्पा, रिटायर झालेला इंजिन ड्रायव्हर. बत्तीस वर्षं त्यानं कोळशाची इंजिनं हाकली आणि सत्तावीस वर्षं निंगव्वाला, म्हणजे मल्लप्पाच्या थोरल्या बहिणीला, बडवलं. दोन्ही कामं सारख्याच नेमानं. निंगव्वाचा डावा कान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला. उजव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच बसली. पुढचे दात गेले. मूल झालं नाही, तोही राग तिच्याच पाठीवर निघाला. ती मार खाताना रडत नसे, तोंड मिटून घेई, आणि त्यामुळे त्याला आणखी चेव येई. रिटायर झाला त्या दिवशी लोकांनी गळ्यात हार घातले आणि शिस्तीचा माणूस म्हणून भाषणं ठोकली. होताच मेला शिस्तीचा.

निंगव्वा तीनदा माहेरी वळसंगला पळाली. गाड्यांची वेळापत्रकं ज्याला तोंडपाठ, त्याच्यापासून पळणार कुठं? दोनदा त्यानं तिला एस.टी. स्टँडावरच केसांना धरलं. तिसऱ्यांदा ती घरापर्यंत पोचली, तर बापानं वीस वर्षांच्या मल्लप्पाला सांगितलं, जा, अक्काला पोच करून ये. आणि तो पोच करून आला. दाजींच्या रेल्वे क्वार्टरच्या दारातून माघारी वळला तेव्हा पाठीमागं पहिला फटका वाजलेला त्यानं ऐकला होता. ऐकून तो चालत राहिला होता. बाप मरून नऊ वर्षं झाली, पण तो आवाज काही मल्लप्पाच्या कानातून गेला नाही.

पुढं एकदा त्याचंही डोकं फिरलं. काठी घेऊन सोलापूर गाठलं आणि दाजींचं नाक फोडलं. त्यापायी निंगव्वा महिनाभर अंथरुणाला खिळली. बघायला गेलेल्या भावाचा हात तिनं आपल्या डोक्यावर ठेवून घेतला.

"तम्मा," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती लहानपणापासून कानडीत तम्माच म्हणे. "तू एक हाणलास की माज्यावर दोन पडत्यात. आजपास्नं हात उचलायचा न्हाय. घे आण."

त्यानं आण घेतली आणि बारा वर्षं पाळली.

दुष्काळाच्या त्या साली वळसंगात नांगर भिंतीला टेकून उभे होते. न चालवलेला नांगर मोडत नाही आणि मोडला नाही तर सुताराकडं येत नाही. मल्लप्पा खडी फोडायच्या कामावर जात होता. अशात सिद्धलिंगप्पाचं कार्ड आलं: "हत्यारं घेऊन ताबडतोब निघणे. लाकडाचं मोठं काम आहे." काम हवंच होतं, पण त्याहून अक्का जिवंत आहे का ते डोळ्यांनी बघायचं होतं. तो निघाला.

घर सोलापुरात, मोदी भागात होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बाहेर पडवी, पडवीत चूल. अक्कानं दार उघडलं. उजवा डोळा सुजून मिटला होता.

"पडले," ती म्हणाली. मल्लप्पानं विचारलं नव्हतं.

सिद्धलिंगप्पानं त्याला सरळ आतल्या खोलीत नेलं. खोलीत चार भिंती, गजांची एक खिडकी, एक दार आणि मधोमध एक ट्रंक. ऑस्ट्रेलियाला निघून गेलेल्या फोरमन साहेबानं जाताना ती आपल्या आवडत्या ड्रायव्हरला दिली होती. ट्रंकेत विजेवर चालणारी दोन वितीएवढी इंजिनं होती, अकरा डबे होते, पोतंभर रूळ होते. सिद्धलिंगप्पानं काळं इंजिन उचललं, फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि तळहातावर ठेवून मल्लप्पापुढं धरलं. मल्लप्पा इंजिनाकडं नाही, त्या बोटांकडं बघत राहिला. ही बोटं एवढी हलकी पडू शकतात हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर त्याला भडभडून आलं.

"चारी भिंतींनी टेबल मारायचं," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "अडीच फूट रुंद. मदे मी हुबा ऱ्हानार. उंची छातीला. गाडी डोळ्याफुडनं गेली पायजे, कावळ्यावानी वरनं बगायचं न्हाय मला."

"एवढं उंच, दाजी?"

"गुडगा वाकतो का माजा? खाली बसून चालवू?" इंजिनावरून पडल्यापासून त्याचा उजवा पाय काठीसारखा ताठ होता. "आन् टेबल हाललं तर तुजी बोटं छाटीन. रूळ केसभर सरकला की डबा पडतो."

दाजींनी दाखवलेली खोक्यांची लाकडं मल्लप्पानं नाकारली. जुन्या बाजारात मोडीत निघालेले हातमाग पडले होते. यंत्रमाग आल्यापासून त्यांना कुणी विचारत नव्हतं. पन्नास-साठ वर्षं घरात धोट्याचे दणके खाऊन मुरलेलं सागवान ते, उन्हाळ्यात फुगणार नाही की तडकणार नाही. त्यानं मागांचे खांब चिरून पाय केले, लांब दांड्यांच्या चौकटी बांधल्या, दर दीड फुटाला आडवी पट्टी घातली. खिळ्यावर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक जोडाला खाच आणि तीत घट्ट बसणारं कुसू, वर बांबूची खुंटी. पायापायांत तिरके दांडे. पाणसळ ठेवली की बुडबुडा मधोमध येऊन गप्प बसे.

काम करताना त्याला बरं वाटे, आणि बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटे. कारण पडवीत रोज काही ना काही होई. भाकरी करपली म्हणून उलथनं, पाणी सांडलं म्हणून चप्पल. पटाशीवर लाकडी मोगरी हाणता हाणता मल्लप्पा दात-ओठ खाई. त्याच्या मनात त्यानं दाजींचं डोकं त्या आठवड्यात कितीदा तरी फोडलं होतं. मग अक्का पाणी घेऊन येई आणि बिनसुजलेल्या डोळ्यानं त्याला आण आठवून देई.

दाराशी अडचण होती. टेबलाचा वेढा पुरा करायचा तर ते दारावरूनच जाणार, मग खोलीत शिरायचं कसं? मल्लप्पानं तिथं बिजागरीवर उचलणारा तीन फुटांचा तुकडा केला. वर उचलला की वाट, खाली पाडला की रूळ. सिद्धलिंगप्पा खूश झाला. त्याला तो फाटक म्हणू लागला.

"दाजी, कडी आतनं लावतो," मल्लप्पा म्हणाला. "गाडी चालू असताना तुमीच आत असनार की."

सिद्धलिंगप्पाच्या हातात काटकोन बघायचा लोखंडी गुण्या होता. त्यानं तो तसाच मल्लप्पाच्या कानफटात हाणला. कान फाटून रक्त मानेवर आलं.

"बत्तीस वर्सं इंजिन चालिवलं म्या," तो म्हणाला, आवाज न चढवता. "ड्रायव्हर खाली उतरून फाटक उगडतो व्हय रं? फाटक गेटमनचं. कुलूप भाईरनं, किल्ली गेटमनकडं. नियम हाय त्यो."

"आन् गेटमन कोन?"

"ती हाय की."

मल्लप्पाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोगरीवरची मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. मग त्यानं वाकून दाजींनी टाकलेला गुण्या उचलला, रक्त पुसलं आणि कोयंडा बाहेरच्या बाजूला ठोकला. आत चार इंची स्क्रू घातले. एवढा राग आला असताना इतकं चांगलं काम आपण का केलं, हे त्याला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

मग सिद्धलिंगप्पानं निंगव्वाला नोकरीवर घेतलं म्हणा ना. जुन्या चोळीच्या कापडाची लाल झेंडी, दुसऱ्या चिंधीची हिरवी. रेल्वेचं एक जाडजूड पितळी कुलूप त्याच्याकडं होतं, ते फाटकाला लागलं. त्याची एकुलती एक किल्ली हरवू नये म्हणून त्यानं बायकोच्या मंगळसूत्राच्या दोऱ्यात स्वतःच्या हातानं ओवली. त्यानं आतून "फाटक" म्हणून आवाज दिला की तिनं तुकडा खाली पाडायचा, कुलूप लावायचं, हिरवी झेंडी दाखवायची. गाडी थांबेपर्यंत उघडायचं नाही. शेजारपाजाऱ्यांना त्यानं पडवीतून बजावून ठेवलं: फाटकाला बायकोशिवाय कुणी बोट लावलं तर ते बोट राहणार नाही. शेजारची सुंदरम्मा पोरांना आत ओढून घेई. ड्रायव्हरचं वेड गल्लीला ठाऊक होतं.

डाव्या कानानं निंगव्वाला ऐकू येत नव्हतं. हाक उशिरा पोचली की काठी.

रूळ बसल्यावर पहिली चाचणी झाली. गाडी फिरत होती, फाटक बंद होतं, आणि ड्रायव्हरला चहा हवा होता. निंगव्वा कप घेऊन फाटकाखालून रांगत आत शिरली. उठताना तिचं डोकं फळीला लागलं. रूळ हलला आणि अकरा डबे एकामागून एक फरशीवर पडले.

सिद्धलिंगप्पानं आधी डबे उचलले. एकेक डबा पुसला, चाकं फिरवून पाहिली, टेबलावर ओळीनं ठेवले. निंगव्वा तोवर तशीच गुडघ्यांवर होती, पळाली नाही. मग त्यानं काठी घेतली. मल्लप्पा दारातच होता, मध्ये बंद फाटक. "दाजी, बास," तो म्हणत राहिला, आणि बरगडी मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला. वाळलेली फांदी मोडते तसा. तिनं तोंड मिटून घेतलं होतं.

"फाटक खालनं बंद कर," सिद्धलिंगप्पा धापा टाकत म्हणाला. "जमिनीपास्नं वरपतुर फळ्या मार. हितनं फुडं खालनं कुनी येनार न्हाय, कुनी जानार न्हाय. चा वरनं द्यायचा."

दुसऱ्या दिवशी मल्लप्पा फाटकाच्या चौकटीला फळ्या मारत बसला. टेबलाखाली इतर बाजूंना भिंत होती, इथंच तेवढी वाट होती. फाटक वर उचललं तर फळ्याही दारासारख्या सोबत उघडाव्यात म्हणून त्यानं त्यांना वेगळ्या बिजागऱ्या दिल्या, आणि त्यांचाही कोयंडा त्याच कुलपात आणला. शेवटची फळी बसली आणि त्याचा हात थांबला.

चारी बाजूंनी छातीइतकं उंच सागवान. खिडकीला गज. एकच वाट, तिला बाहेरून कुलूप. किल्ली अक्काच्या गळ्यात. आत असा माणूस, ज्याचा गुडघा वाकत नाही, त्यामुळे चढता येणार नाही आणि सरपटताही येणार नाही. आणि हे सगळं ज्याचं त्यानंच सांगून करून घेतलेलं, वर सुताराचा कान फोडून.

मल्लप्पा उठला. पडवीत अक्का बरगडीला फडकं आवळून भाकरी थापत होती. तो तिच्या उजव्या कानाशी बसला.

"अक्का, गाडी चालू हाय तवर फाटक उगडायचं न्हाय, व्हय की न्हाय?"

"न्हाय."

"आन् तू उगडलंच न्हाईस तर?"

तिनं थापता हात थांबवला. फाटकाकडं बघितलं, कुलपाकडं बघितलं, मग भावाकडं. तिला समजलं होतं एवढं त्याला दिसलं.

"मारून टाकतील, तम्मा," ती म्हणाली.

"ते तसंबी टाकनार हाईत."

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

तीन दिवसांनी, सोमवारी, उद्घाटन होतं. सिद्धलिंगप्पानं ड्रायव्हरचा जुना निळा कोट चढवला, कपाळाला विभूती ओढली, इंजिनाला हार घातला. सकाळी मल्लप्पानं टेबलाचा एक टेकू वाकसानं तासून सारखा केला होता. वाकस, म्हणजे आडव्या पात्याची सुतारी कुऱ्हाड, त्याच्या बापाचा, सकाळीच सहाणेवर परजलेला. तो खोलीतच कोपऱ्यात राहिला.

"फाटक."

निंगव्वानं फाटक पाडलं, कुलूप लावलं. गाडी निघाली. खिडकीखालून, कोपऱ्यावरून, दाराशी, पुन्हा खिडकीखालून. खरं सांगायचं तर दृश्य सुंदर होतं. टेबल केसभर हललं नाही. मल्लप्पाला क्षणभर अभिमानसुद्धा वाटला, हात कारागिराचा ना.

"झेंडी," सिद्धलिंगप्पा म्हणाला. निंगव्वाचा डावा, बहिरा कान खोलीच्या बाजूला होता. "झेंडी," तो पुन्हा म्हणाला, आणि तिसऱ्यांदा तोंडानं म्हणालाच नाही. फाटकावरून ओणवा होऊन त्यानं तिच्या अंबाड्याला हात घातला आणि तिचं कपाळ सागवानावर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रक्त उडून रुळावर पडलं. मल्लप्पा हातभर अंतरावर उभा होता. त्याच्या अंगातलं सगळं बळ हातात गोळा झालं, आणि तो हात आणेनं जागच्या जागी बांधला होता. त्या क्षणी त्याला स्वतःची जितकी किळस आली तितकी दाजींचीही आली नाही.

इंजिन रक्तापाशी आलं, अडखळलं आणि थांबलं. रूळ घाण झाला की वीज पोचत नाही. सिद्धलिंगप्पा चरकला. अंबाडा त्यानं एकाच हातात धरला, दुसऱ्या हातानं कोटाची बाही ओढून रूळ पुसायला लागला. हळूच, काळजीनं. निंगव्वाचा चेहरा तिथंच फळीवर दाबलेला होता. तिनं डोळ्यांसमोर ती बाही येताजाता पाहिली. मग मान वळवली आणि केस धरलेल्या हाताच्या मनगटाला चावली. पुढचे दात नव्हते तिला. दाढेत धरून ती चावली, आणि सोडलं नाही. सिद्धलिंगप्पा गुरासारखा ओरडला. अंबाडा सुटला तेव्हा तिच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, आणि ते एकट्या तिचं नव्हतं.

"उगड," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "फाटक उगड, तुजा जीव घेतो आज."

आता उघडणं म्हणजे काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. निंगव्वानं पितळी कुलूप हातात धरलं, दोनदा ओढून बघितलं. लागलेलं होतं. मग ती वळून पडवीत गेली, खुंटीवरचं पातळ काखेत मारलं आणि अनवाणी रस्त्याला लागली. मल्लप्पा मोगरी घेऊन मागोमाग धावला.

शिव्या ऐकून गल्ली गोळा झाली होती. "फाटक उगडा रे कोनी," आतून आवाज येत होता. कुणी जागचं हललं नाही.

"आमी कसं हात लावनार, ड्रायव्हरसाब," सुंदरम्मा दारातून म्हणाली. "तुमीच नको म्हनलं." मग निंगव्वाच्या कपाळाकडं बघून तिनं आपली चप्पल काढली आणि तिच्या पायांपुढं सरकवली.

स्टँडावर वळसंगवरून जाणारी अक्कलकोटची गाडी लागायला पाऊण तास होता. निंगव्वा बाकाच्या टोकाला पदर डोक्यावर ओढून बसली. तेवढ्यात मल्लप्पाची नजर हातातल्या एकट्या मोगरीवर गेली.

"अक्का. वाकस आतच राहिलाय."

बापाचा वाकस. ताज्या धारेचा. बत्तीस वर्षं इंजिन हाकलेल्या हातात तो पडला तर मुरलेलं सागवान झालं तरी किती वेळ टिकणार? अर्धा तास. त्या पाऊण तासात मल्लप्पानं स्टँडात शिरणारा प्रत्येक लंगडा माणूस बघितला. मोगरी त्यानं मांडीखाली दाबून धरली होती. गाडी आली, भरली, सुटली. दाजी आले नाहीत.

वळसंगात केराबाईनं, मल्लप्पाच्या बायकोनं, नणंदेच्या कपाळावरच्या जखमेत हळद दाबली. मल्लप्पा अंगणात बसून राहिला. बापासारखं पोच करून ये म्हणणारं आता घरात कोणी नव्हतं. आणि इथं आण लागू नव्हती, कारण इथं एकाचे दोन व्हायचे नव्हते. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. प्रत्येक गाडीला निंगव्वा दाराच्या चौकटीला धरून उभी राही.

चौथ्या दिवशी अकराच्या गाडीतून सिद्धलिंगप्पा उतरला. अंगात तोच निळा कोट, डाव्या हातात काठी, उजव्या हातात वाकस. मनगटाला चिंधी. अंगणात येऊन त्यानं तोंड उघडलं, पण मल्लप्पानं त्याला शब्द बोलू दिला नाही. बारा वर्षांची आण एका उडीत सुटली.

म्हातारा झाला तरी हात लोखंडाचा होता. वाकस फिरला आणि मल्लप्पाच्या दंडाचं मांस उघडं पडलं. मल्लप्पाला ते जाणवलंसुद्धा नाही. मोगरी वरून आली आणि सिद्धलिंगप्पाच्या उजव्या कोपरावर बसली. हाड फुटलं. वाकस गळाला. मल्लप्पानं ताठ पायावर लाथ घातली, तो आडवा झाला, तशी मोगरी खांद्यावर, बरगडीवर, पुन्हा बरगडीवर. ही कानाची, ही बोटांची, ही दातांची. तो मोठ्यानं म्हणत होता की मनात, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. मग त्यानं मोगरी टाकली, वाकस उचलला, छातीवर पाय दिला आणि हात डोक्यावर नेला.

सुताराची नजर सवयीनं धारेवर गेली.

धारेवर त्याचं स्वतःचं रक्त होतं. त्याखाली सोमवारी सकाळी सहाणेवर काढलेली धार होती, जशीच्या तशी. मुरल्या सागवानावर एक घाव घातला तरी धार बसते, खवले पडतात, तपकिरी भुकटी चिकटून राहते. इथं काही नव्हतं. या वाकसानं लाकडाला स्पर्शच केला नव्हता.

"दाजी," मल्लप्पाचा हात वरच राहिला. "वाकस हातात हुता तुमच्या. फाटक का न्हाय तोडलं?"

सिद्धलिंगप्पानं त्याच्याकडं असं बघितलं की जणू वेडा तोच आहे.

"तोडू?" तो कण्हत म्हणाला. "असलं काम परत हुतंय व्हय? सांजपतुर हुबा हुतो आत. मग खिडकीतनं निरोप धाडून ठेसनावरनं चार हमाल बोलवून घेतले. टेबलावरनं उचलून काडलं मला. रुळाला धक्का लागू दिला न्हाय."

"आन् कुलूप?"

"कुलूप तोडलं तर कोयंडा उपटतो, फळी फाटती. तसंच हाय. ओरखडा न्हाय त्याला." दुखऱ्या छातीतून त्यानं श्वास ओढला. "किल्ली दे म्हनावं तिला. चार दिस झालं, गाडी हुबी हाय माजी."

वाकस खाली आणायला मल्लप्पाला तेवढंच पुरेसं होतं. पण निंगव्वा चौकट सोडून अंगणात आली होती. तिनं सगळं उजव्या कानानं ऐकलं होतं.

"मला न्यायाला आला न्हाय व्हय?" तिनं विचारलं.

"तुला?" सिद्धलिंगप्पाला प्रश्नच कळला नाही. "किल्ली दे. साडेअकराची परतीची गाडी हाय."

ती त्याच्याशेजारी मातीत बसली आणि गळ्यामागं हात नेऊन गाठ सोडू लागली. वाकड्या बोटांना गाठ लवकर सुटेना. तो पडल्या पडल्या "आटप, आटप" म्हणत होता. गाठ सुटली. मणी, मंगळसूत्राची ताळी, किल्ली, सगळाच्या सगळा दोरा तिनं त्याच्या चांगल्या हातात ठेवला. त्यानं दात लावून किल्ली तेवढी ओढून काढली, कोटाला पुसली, उजेडात धरून दाते नीट आहेत ना ते पाहिलं आणि खिशात घातली. उरलेला दोरा मातीत पडला. मग काठीच्या आधारानं, मोडका हात पोटाशी धरून तो उठला आणि गाडीच्या रस्त्याला लागला. एकदाही मागं वळला नाही.

मल्लप्पाच्या दंडातून रक्त वाहत होतं. निंगव्वानं पदर फाडून पट्टी केली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि बांधायला लागली.

"मला वाटलं, मला मारायला आल्यात," ती म्हणाली.

सत्तावीस वर्षांत मल्लप्पानं तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती तेव्हा रडली, पट्टीची गाठ मारता मारता, आणि संध्याकाळपर्यंत रडत राहिली.